ईमेलची प्रिंट नीट कशी काढावी

सोसायटीच्या देखभाल खर्चाची नोटीस मेलने येते आणि सभासद तिची प्रिंट काढून फायलीला लावतात. त्या कागदावर उजवीकडचा शेवटचा रकाना, म्हणजे नेमका थकबाकीचा, अर्धाच उमटतो. मेलमध्ये १२,४५० असतं, कागदावर १२,४ एवढंच. वर्षभराने ज्याच्या हाती ती फाइल जाईल त्याच्यासमोर मेल नसतो, फक्त कागद असतो. प्रिंट पानात पुरती बसायला हवी ती त्याच्यासाठी.

कडा का कापली जाते

ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. ब्राउझर एका इंचात ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे पूर्ण कागद सुमारे ७९४ पिक्सेलचा झाला. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर समास सोडला की उरतात ७१८. जाहिरातींचे मेल बहुधा ६०० पिक्सेल रुंदीचे बांधलेले असतात, त्यामुळे ते मुकाट बसतात. अडचण होते ती एक्सेलमधून उचलून मेलमध्ये चिकटवलेल्या तक्त्यांची. त्यांची रुंदी सहज हजार पिक्सेलपर्यंत जाते, आणि ती पक्की ठरवून दिलेली असल्याने रकाने आखडत नाहीत. ब्राउझर आपणहून थोडंफार आकसून घेतो. त्याचीही मर्यादा संपली की उरलेला भाग कागदाबाहेर जातो. मध्ये कुठेही मोकळी जागा नसलेली लांबलचक लिंकसुद्धा असाच घोळ घालते, कारण ओळ तोडायला तिच्यात जागाच सापडत नाही.

प्रिंट द्यायची कुठून

मेल वाचता वाचता थेट कंट्रोल-पी दाबण्याची सवय सोडावी. तो आदेश पडद्यावरच्या पानाला जातो, म्हणून कधी कधी बाजूची यादी आणि बटणंही कागदावर उतरतात. जीमेलमध्ये प्रत्येक मेलच्या उजवीकडे तीन टिंबं असतात. त्यातल्या ‘प्रिंट’ने तो एकच मेल स्वच्छ मांडणीत उघडतो, वर विषय, खाली पाठवणारा, तारीख, कोणाला पाठवला ते. विषयाच्या ओळीत उजव्या टोकाला प्रिंटरचं चिन्ह दिसतं ते मात्र ‘प्रिंट ऑल’चं, म्हणजे सगळ्या उत्तर-प्रत्युत्तरांचं. दोन ओळींच्या पोचपावतीसाठी नऊ पानं बाहेर पडतात ती इथून.

संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये ‘मेमो स्टाइल’ निवडावी. तिथे रुंद तक्ता बसत नसेल तर ‘व्ह्यू इन ब्राउझर’ने मेल ब्राउझरमध्ये उघडावा आणि मग छापावा, म्हणजे पुढच्या सगळ्या सोयी हाताशी येतात.

आधी कागद, मग दिशा, टक्के शेवटी

क्रोममध्ये प्रिंटची खिडकी उघडली की ‘मोअर सेटिंग्ज’ उलगडून सर्वांत आधी ‘पेपर साइझ’ पाहावं. आपल्याकडेही अनेक संगणकांवर अमेरिकी ‘लेटर’ आकार तसाच राहिलेला असतो. तो ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. मांडणी लेटरची आणि ट्रेमध्ये ए-फोर, अशी गाठ पडली की कडा जाते आणि खाली उगाच जागा उरते.

कागद बरोबर असूनही तक्ता बसत नसेल तर बहुतेक जण ‘स्केल’ कमी करतात. माझं मत, आधी पान आडवं करावं. हजार पिक्सेलचा तक्ता उभ्या पानात बसवायला तो ७० टक्क्यांवर आणावा लागतो. मग साडेदहा पॉइंटचं अक्षर साडेसातच्याही खाली जातं. इंग्रजी मजकूर तरीही कसाबसा वाचता येतो. मराठीत मात्र ‘खर्च’चा रफार आणि ‘रंग’चा अनुस्वार साध्या प्रिंटरवर ठिपक्यासारखे दिसू लागतात. तोच तक्ता आडव्या पानात, एकेक सेंटिमीटर समास ठेवून, १०० टक्क्यांवर मावतो, कारण तिथे १०४७ पिक्सेल मिळतात. आडव्यातही थोडकं अडलं तर स्केल ९० करावं. फायरफॉक्समध्ये ‘फिट टू पेज विड्थ’ आहे, ते हा हिशेब स्वतःच करतं. पण अक्षर किती बारीक झालं ते प्रिव्ह्यूमध्ये डोळ्यांनी बघावंच.

समास ‘नन’ करून जागा काढू नये. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत. शिवाय फायलीची भोकं कागदाच्या कडेपासून साधारण १२ मिलिमीटरवर पडतात, तेव्हा डावीकडे अडीच सेंटिमीटर सोडलेले बरे. नाहीतर लेस नेमकी तारखेतून जाते.

शेवटच्या पानावर ‘हा मेल गोपनीय आहे’ एवढीच सूचना येत असेल तर ‘पेजेस’मध्ये हवी तेवढीच पानं टाकावीत. ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ बंद ठेवलं की रंगीत पट्ट्यांची शाई वाचते.

जागा वाचवताना काय कापू नये

पाठवणारा, घेणारा, विषय, तारीख-वेळ. मजकूर वर्डमध्ये चिकटवून सुबक करणारे नेमकं हेच गमावतात, आणि तो कागद मेलची प्रत उरत नाही. तक्रारीच्या, वादाच्या कागदांत तर ब्राउझरचे ‘हेडर्स अँड फुटर्स’ही चालू ठेवावेत, छापल्याची तारीख आणि पानाचा क्रमांक त्यातून मिळतो.

प्रकरण कोर्टात गेलं तर नुसती प्रिंट पुरत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. म्हणून प्रिंट कितीही चांगली आली तरी मूळ मेल पुसू नये.

झेरॉक्सच्या दुकानात

दुकानातल्या संगणकावर आपला मेल उघडू नये. घरीच, मोबाइलवर असलं तरी, प्रिंटच्या खिडकीत प्रिंटरऐवजी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावं आणि ती फाइल दुकानदाराला पाठवावी. पडद्याचा फोटो पाठवू नये. व्हॉट्सॲपवर तो दाबला जातो आणि आकडे पुसट येतात. पीडीएफमध्ये समास आणि अक्षराचा आकार आपण ठरवला तसाच राहतो. दुकानदाराला एवढंच सांगायचं, ‘ए-फोरवर, ॲक्च्युअल साइझ’. ‘फिट’वर ठेवलं तर आधीच बेताने लहान केलेलं अक्षर आणखी थोडं लहान होऊ शकतं. पैसे देण्याआधी पहिल्या कागदाची उजवी कडा बघावी, आणि मगच बाकीच्या प्रती काढायला सांगाव्यात.