साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधल्या बोळात उभं राहून वर पाहिलं की आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते. बोळाची रुंदी सुमारे तीन मीटर आणि दोन्ही अंगांना तळमजला अधिक सात मजले. भिंतीवरून सांडपाण्याचे पाइप उतरलेले, खाली वरून टाकलेला कचरा साचलेला. वास, डास, उंदीर आत येऊ नयेत म्हणून खालच्या मजल्यांवरची माणसं खिडक्या लावूनच घेतात. आत सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट चालू असते. रस्ते रुंद करायचे म्हणून, रेल्वेमार्ग वाढवायचे म्हणून ज्यांच्या झोपड्या उठवल्या, त्यांना इथे पक्की घरं मिळाली. काहींच्या घरात त्यामागोमाग क्षयही शिरला.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांना सोबत घेऊन एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींत चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या त्या वसाहती. २०१८ मध्ये निष्कर्ष पुढे आले. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दर १० घरांमागे एका घरात क्षयरुग्ण होता, तर पीएमजी कॉलनीत १०० घरांमागे एका घरात. तिन्ही वसाहती विस्थापितांच्याच. फरक होता तो इमारती मांडण्यात. पीएमजी कॉलनीत त्या एकमेकींपासून दूर आहेत, मधून वारा खेळतो. बाकीच्या दोन वसाहतींत खालच्या मजल्यांना ना ऊन मिळतं, ना वारा, आणि आजाराचा भारही तिथेच जास्त दिसला. या पाहणीला पैसा एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाच्याच पर्यावरण सुधारणा सोसायटीने दिला होता, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे. म्हणजे सरकारदरबारी ही गोष्ट ठाऊक नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

क्षय एकट्या अंधारामुळे होत नाही. अपुरं पोषण, एका खोलीत सहा-सात माणसं, मधुमेह, तंबाखू, अर्धवट सोडलेली औषधं ही सगळी कारणं आहेतच. पण जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो हवेतून. रुग्ण खोकला की अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात, वाळून आणखी हलके होतात आणि कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा पुन्हा पुन्हा बदलली तर ते विरळ होतात, त्यांतले जंतू उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतात. खिडकी बंद आणि ऊन नाही, असं असलं की घरातल्या लहान मुलापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळे तीच हवा आत घेतात.

पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या तेव्हा खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत हाच आकडा १२ होता. सगळ्यात सरस ठरली ती १९५० पूर्वीची जुनी बांधकामं, उंच छताची आणि मोठ्या खिडक्यांची. त्या काळच्या बांधणाऱ्यांकडे महागडी यंत्रं नव्हती. उजेड-वाऱ्याची कदर मात्र होती.

ही कदर मुंबईतही होती आणि ती नियमात उतरली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढे शहर ओस पडलं. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट, ओल्या, अंधाऱ्या खोल्यांतून प्लेग उपजतो, अशी तेव्हाची समजूत होती. उंदरांवरच्या पिसवांचा दोष सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. म्हणजे प्लेगचं निदान चुकलं होतं. पण त्यावर सुचवलेला उजेड-वाऱ्याचा उपाय क्षयाला तंतोतंत लागू पडणारा होता.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला. समोरच्या इमारतीचा माथा खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या वर जाता कामा नये. गणित सोपं आहे: समोरची इमारत जितकी उंच, निदान तिच्या निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ट्रस्टच्याच योजनेतल्या. तिथल्या रस्त्यांवरून आजही फिरून यावं आणि इमारतींच्या मधलं अंतर बघावं. ट्रस्टने गरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, ही त्याच्या कारभारातली मोठी खोट आहे आणि ती झाकायचं कारण नाही. पण माणसाच्या घरात किती आभाळ उतरलं पाहिजे, याचं माप त्याने ठरवलं होतं.

तेच माप गोवंडीला लावून पाहू. आठ मजल्यांची उंची २३ मीटर धरली तर मध्ये साडेअकरा मीटर जागा हवी. प्रत्यक्षात आहे तीन. तीन मीटरच्या बोळात ऑर यांच्या नियमाने सहा मीटर उंच, म्हणजे दोन मजली घरच बसतं. आज तळमजल्यावरच्या माणसाला समोरच्या भिंतीचा माथा ८२ अंशांहूनही वर दिसतो.

हे कुणाच्या नजरचुकीने झालेलं नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत खास सवलती दिल्या जातात. कमी जागेत जास्त घरं बसली की उरलेली जमीन विक्रीच्या इमारतींना मोकळी होते. ही सवलत गरिबांच्या नावाने दिली जाते, फायदा बांधणाऱ्याच्या पदरात पडतो आणि किंमत त्या खोलीत राहणारा भरतो. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. क्षयरुग्णाला सरकार महिनोन्‌महिने मोफत औषधं देतं, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देतं आणि हे सगळं घेऊन तो परत त्याच बंद खोलीत झोपायला जातो.

आता धारावीचा पुनर्विकास सुरू होतो आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये उंच टॉवरमधल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ठाणे, पुणे, नाशिक, जिकडेतिकडे जुन्या सोसायट्या पाडायला निघाल्या आहेत. अशा सभांना मी बसलो आहे. कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग एक की दोन, यावर रात्री उशिरापर्यंत वाद होतात. नकाशातल्या दोन इमारतींच्या मधल्या रेघेवर बोट ठेवून कुणी विचारत नाही.

तुमच्या सोसायटीत किंवा चाळीत संमतिपत्रावर सह्या घ्यायला कुणी आलं, तर एवढं विचारा: माझ्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटरवर आणि ती किती उंच? उत्तर मीटरमध्ये, लेखी घ्या. मधलं अंतर त्या उंचीच्या निम्म्याहून कमी असेल, तर सही करू नका.