मूठभर धान्याचा हिशेब

आपल्या भागातले कॉलेज कोणाच्या पैशावर उभे राहिले, याचा कधी विचार केला आहे काय? सरकारी अनुदान पुढे आले. त्याआधी कोणी जमीन दिली, कोणी विहिरीचे पाणी दिले, कोणी बैलगाडीने दगड वाहिले. साखर कारखान्याच्या भागात ऊसबिलातून टनामागे शिक्षणासाठी रक्कम कापली गेल्याचे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. म्हणजे देणगीदार म्हटला की तो शहरातला शेठच असतो असे नाही. देणगीदार तुम्हीही आहात, आणि तुमच्या घरातून त्या कॉलेजात शिकून गेलेली मुले तर आहेतच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग चालविले. ते चालले लोकांच्या मूठ-मूठ धान्यावर आणि लक्ष्मीबाईंच्या अंगावरच्या दागिन्यांवर. आपली मूठ कोणाच्या ताटात जाते, हे देणाऱ्या बाईला डोळ्यांनी दिसत होते. त्याहून चोख हिशेब कोणता? याच संस्थेने 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. मोठ्या रकमेच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदला, असे कोणी सुचविले तेव्हा भाऊरावांनी ते साफ नाकारले, अशी आठवण आजही सांगितली जाते.

नाव देणे वाईट असे मात्र मुळीच नाही. महर्षी कर्व्यांनी 1916 साली काढलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली. ती अटींसह होती, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. अट काय, नाव कोणाचे, हे साऱ्यांना उघड माहीत होते. देणगीला अट असण्यात काही गैर नाही. अट झाकून ठेवण्यात गैर आहे.

आता आजची गोष्ट पाहा. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो. दहा वर्षे कॉलेजकडून त्याला एक ओळ येत नाही. मग नॅकची समिती यायची असते. माजी विद्यार्थ्यांशी संबंध कसे आहेत हेही ती पाहते. लगेच फोन सुरू होतात, मेळावा भरतो, फेटे बांधले जातात आणि जेवणानंतर पावतीपुस्तक पुढे येते. समिती गेली की पुन्हा सामसूम. असा मुलगा दुसऱ्यांदा खिशात हात घालील का? कामापुरता मामा कोणाला आवडतो?

यावर उपाय अवघड नाही. वर्षातून एकदा, पैसे न मागता, कॉलेजने साधे पत्र पाठवावे. किती मुले-मुली शिकत आहेत, किती मध्येच गळाली आणि का, कोणत्या विषयाला शिक्षक नाही, निकाल कसा लागला, हे त्यात असावे. चांगले तेवढेच छापून वाईट झाकू नये. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो जरूर द्यावा. पण वर्गातल्या निम्म्या मुली बारावीनंतर आल्याच नसतील तर तेही लिहावे. घरचे माणूस सुखात जसे आठवते, तसे अडचणीतही आठवले पाहिजे.

खरी कसोटी लागते ती काम अडते तेव्हा. समजा, मुलींच्या वसतिगृहासाठी वीस लाख जमवायचे ठरले. तेरा लाख जमले. पाया झाला, जोते झाले आणि पैसा संपला. अशा वेळी बरेच संस्थाचालक गप्प बसतात. लोक विचारतील म्हणून मेळावाच घेत नाहीत. त्यातून कुजबूज सुरू होते, आणि न खाल्लेल्या पैशाचाही आळ येतो. त्याऐवजी प्राचार्यांनी सरळ लिहावे: इतके जमले, इतके खर्च झाले, लोखंड-सिमेंटचा अंदाज चुकला, सात लाख कमी आहेत, काम अमुक महिन्यापर्यंत थांबले आहे. तेरा लाखांतले दोन लाख दुसरीकडे वळवावे लागले असतील, तर देणगीदारांना आधी विचारावे. नंतर सांगू नये. असे पत्र वाचून दोन माणसे रागावतील, पण दहा माणसे पुढे येतील. गप्प राहिले तर पहाटेची एसटी धरून येणाऱ्या मुली तशाच येत राहतील, आणि एखाद्या बापाला एसटीचा भरवसा वाटला नाही की त्या मुलीचे शिक्षणच संपेल.

तुम्ही देणगी देता तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पैसे कशासाठी दिले ते पावतीवर लिहून घ्या. नुसते ‘देणगी’ म्हणून घेऊ नका.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून पावती कशाला, असे म्हणू नका. नोकरीतल्या मुलाला करात सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता आहे का ते विचारावे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

मोबाईलवर आलेल्या कोडावर घाईने पैसे धाडू नका. कॉलेजच्या कार्यालयात फोन करून खाते संस्थेचेच आहे याची खात्री करा.

प्रवेशाच्या वेळी मागितलेली ‘देणगी’ ही देणगी नव्हे. प्रवेशासाठी असे जादा पैसे घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने मनाई आहे.

आणि हिशेब मागायला संकोचू नका. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. जे सरकारला दाखविता येते, ते देणाऱ्याला दाखवायला काय हरकत? मात्र विचारताना भाषा सोयऱ्याची असावी, वकिलाची नको. गुरुजींना चोर ठरवून कोणतीही संस्था सुधारत नाही.

आपलीही एक जबाबदारी आहे. शंभर रुपये देऊन हजाराचा मान मागू नये. नातवाला प्रवेश मिळावा म्हणून दिलेल्या पैशाला दान म्हणू नये. आणि संस्थेने खरे सांगितले, चूक कबूल केली, तर तिची चावडीवर थट्टा करू नये. नाहीतर पुढच्या वर्षी ती खरे सांगणार नाही.

बी पेरल्यावर आपण बांधावर जाऊन उगवण पाहतो. उगवले नाही तर कारण शोधतो आणि दुबार पेरतो. कॉलेजला दिलेला पैसाही पेरणीच आहे. येत्या मेळाव्याला जाल तेव्हा मुलाला सोबत घ्या, हार-तुरे झाल्यावर उठून नम्रपणे विचारा, “गेल्या वर्षीच्या पैशाचे काय झाले?” उत्तर सरळ मिळाले, तर यंदाही मूठ सैल सोडा.