अभिजात मोटारीसाठी फायबरग्लासचा पुढील बंपर : संकल्पन, साचा आणि उभारणी
(विशेष संदर्भ : प्रीमिअर पद्मिनी)

प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार बाहेर पडू लागली. पुढे हीच मोटार प्रथम 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने लोकांच्या मनात जे स्थान मिळवले, ते ३० ऑक्टोबर २०२३ रोजी या टॅक्सीची सेवा संपल्यानंतरही टिकून आहे. खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. मात्र उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यामुळे त्यांचे मूळ सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे.

या सुट्या भागांत पुढील बंपरचा प्रश्न विशेष जाणवतो. मूळ बंपर पोलादी पत्र्याचा असून त्यावर क्रोमचा मुलामा असतो. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत मुलाम्याला बारीक चीर पडली की आतला पत्रा गंजू लागतो आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. पत्रा आरपार कुजला असेल, तर पुन्हा मुलामा देण्याचाही उपयोग होत नाही. अशा वेळी अनेक मालक फायबरग्लासचा बंपर बनवून घेण्याचा पर्याय निवडतात. प्रस्तुत लेखात या बंपरच्या संकल्पनापासून जोडणीपर्यंतची प्रक्रिया क्रमाने विशद केली आहे. त्याचबरोबर या पदार्थाकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, याचाही विचार केला आहे.

१. पदार्थाचे स्वरूप

मातीच्या गिलाव्यात गवताचा काड मिसळला की भिंतीला तडे कमी जातात, हा ग्रामीण भागातील जुना अनुभव आहे. फायबरग्लासचे तत्त्व याच जातीचे आहे. काचेचे अतिशय बारीक तंतू ताण सहन करतात, तर त्यांच्याभोवती घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन त्यांना जागेवर धरून आकार देते. पाण्याच्या टाक्या आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या होड्या यांमुळे हा पदार्थ महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे.

मोटारींच्या क्षेत्रातही तो नवा नाही. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५३ मध्ये फ्लिंट येथे कॉर्व्हेट या मोटारीच्या पहिल्या ३०० गाड्या फायबरग्लासच्या बॉडीसह तयार केल्या. भारतात बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही छोटी मोटार १९८० च्या दशकात याच पदार्थाच्या बॉडीसह आली. मोठे प्रेस आणि महागडे डाय यांच्याशिवाय, एका साच्यावर हाताने वस्तू घडवता येते, हे या पदार्थाचे मुख्य बळ होय. एकाच गाडीसाठी एकच भाग बनवायचा असेल, तर हा गुण निर्णायक ठरतो.

२. बंपरचे कार्य आणि फायबरग्लासची मर्यादा

बंपर गाडीला शोभा देतो; परंतु त्याचे मूळ काम मंद गतीच्या धडकेत दिवे, रेडिएटर आणि बॉडी यांना वाचवण्याचे आहे. अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलांपासून पुढील बंपरसाठी ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ कि.मी. वेगाच्या धडकेची चाचणी सक्तीची केली, ती याच दृष्टीने.

या धडकेत किती ऊर्जा असते, हे साध्या गणिताने पाहता येईल. चालक व प्रवासी धरून पद्मिनीचे वजन सुमारे १,००० किलो मानू. ताशी ८ कि.मी. म्हणजे सेकंदाला २.२२ मीटर. या वेगाने गाडीची गतिज ऊर्जा सुमारे २,४७० ज्यूल होते. एक टन वजन पाव मीटर उंचीवरून खाली पडावे, एवढा हा आघात आहे. वेग निम्मा झाला, तर ही ऊर्जा एक चतुर्थांशावर येते.

आता दोन्ही पदार्थांची तुलना करू. दीड मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याऐवजी सुमारे साडेतीन मि.मी. जाडीचा फायबरग्लास वापरला, तरी वाकण्यास होणारा त्याचा विरोध पोलादाच्या निम्म्याहून कमी भरतो. याहून महत्त्वाचा फरक मोडण्याच्या रीतीत आहे. पोलाद वाकते, चेपते आणि त्या प्रक्रियेत ऊर्जा शोषून घेते. हाताने बनवलेला मॅटचा फायबरग्लास फार थोडा ताणला जातो आणि मग तडकतो. म्हणून फायबरग्लासच्या कवचाला गाडीचे बाह्य रूप समजावे आणि आघात झेलण्याचे काम त्याच्या आत बसवलेल्या पोलादी आडव्या नळीकडे द्यावे. ही विभागणी संकल्पनाच्या पहिल्या टप्प्यावरच ठरवणे आवश्यक आहे. तयार झालेल्या बंपरमध्ये ती मागाहून घुसवता येत नाही.

३. मोजमाप आणि संकल्पन

पद्मिनीची बॉडी चासिसविरहित, एकसंध बांधणीची आहे. त्यामुळे जुना बंपर ज्या बोल्टांवर बसला होता, त्याच जागा नव्या बंपरसाठी आधार म्हणून धराव्यात. नवी भोके पाडू नयेत आणि बॉडीचा पत्रा कापू नये. जुना बंपर कुजलेला असला तरी तो टाकून न देता मोजमापासाठी जपून ठेवावा.

गाडीच्या मध्यरेषेवर ओळंबा सोडून दोन्ही बाजूंची अंतरे स्वतंत्रपणे मोजावीत. जुन्या गाडीच्या दोन बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. पुठ्ठ्याचे उभे छेद दर १० ते १५ से.मी. अंतरावर कापून वक्रता नोंदवावी. संकल्पन करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

(अ) रेडिएटरकडे जाणारी हवा अडू नये. बंपर खाली वाढवायचा असल्यास त्यात जाळीसाठी जागा ठेवावी.
(आ) बॉनेट पूर्ण उघडावे, तसेच पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावरही बंपरच्या टोकांना लागू नये.
(इ) नंबर प्लेट व दिवे झाकले जाऊ नयेत.
(ई) साच्यातून वस्तू सुटण्यासाठी सर्व उभ्या पृष्ठांना किमान २ ते ३ अंशांचा उतार द्यावा.
(उ) कोपरे टोकदार न ठेवता गोलाकार ठेवावेत. टोकदार कोपऱ्यात मॅट बसत नाही व तेथे हवेची पोकळी राहते.

४. नमुना आणि साचा

प्रथम बंपरचा पूर्ण आकाराचा नमुना तयार केला जातो. त्यासाठी प्लायवूडच्या छेदांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरून तो कापून, घासून आकारात आणतात. येथे थर्माकोल वापरणे टाळावे, कारण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन त्याला विरघळवते. फोमवर पुट्टी, त्यावर प्रायमर आणि शेवटी पाण्याच्या पॉलिश पेपरने ८०० ते १,२०० नंबरपर्यंत घासणी, असा क्रम असतो. नमुन्यावरील प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून बंपरवर येतो. त्यामुळे एकूण श्रमांतील सर्वात मोठा वाटा येथे खर्च होणे स्वाभाविक आहे.

नमुना गाडीवर चढवून दूरवरून व बाजूंनी पाहावा. दुरुस्ती करण्याची ही अखेरची स्वस्त वेळ असते. त्यानंतर वॅक्सचे पाच-सहा हात आणि त्यावर साचा सुटण्यास मदत करणारा पीव्हीए द्रावणाचा पातळ थर द्यावा. बंपरची टोके आत वळलेली असल्याने एकसंध साचा अडकतो. म्हणून तो दोन किंवा तीन तुकड्यांत, बोल्टने जोडता येतील अशा कडा ठेवून बनवतात. साच्याची जाडी वस्तूच्या किमान दुप्पट ठेवावी व मागून लाकडी किंवा लोखंडी आधार द्यावा, म्हणजे रेझिन आकसताना साचा पिळवटत नाही.

५. थर घालणे

साच्यात प्रथम जेलकोटचा सुमारे अर्धा मि.मी. जाडीचा थर देतात. तो बोटाला चिकट लागेल, पण बोटावर उतरणार नाही, अशा अवस्थेत आला की मॅटचे थर सुरू करावेत. साहित्याचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. बंपरची उलगडलेली लांबी १.७ मीटर आणि रुंदी ०.२५ मीटर धरल्यास क्षेत्रफळ ०.४२५ चौ.मी. होते. दर चौ.मी. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर घातले, तर काचतंतू सुमारे ५७५ ग्रॅम लागतात. मॅटच्या अडीचपट रेझिन धरल्यास ते सुमारे १,४३० ग्रॅम होते. जेलकोट सुमारे २५० ग्रॅम धरून कवचाचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास येते. त्याच क्षेत्रफळाचा दीड मि.मी. पोलादी पत्रा सुमारे पाच किलो भरतो.

हार्डनर, म्हणजेच एमईकेपी, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के प्रमाणात मिसळतात. दीड टक्के धरल्यास वरील रेझिनला सुमारे २१ ग्रॅम पुरतो. उन्हाळ्यात प्रमाण कमी ठेवावे. सर्व रेझिन एकदम न कालवता थोडे थोडे कालवावे, कारण भांड्यात साठलेले रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापून झपाट्याने घट्ट होते. प्रत्येक थर ब्रशने भिजवून रोलरने दाबावा आणि पांढरे दिसणारे हवेचे ठिपके काढून टाकावेत. मॅटचे तुकडे कात्रीने सरळ न कापता हाताने फाडल्यास कडा एकमेकींत मिसळतात व सांधा जाड होत नाही. बोल्टच्या जागी दोन-तीन जादा थर द्यावेत. पावसाळ्यात मॅट ओलावा धरते. ती कोरड्या जागी ठेवावी.

६. जोडणी

किमान एक दिवस साच्यात ठेवल्यानंतरच बंपर सोडवावा. घाईने काढलेली वस्तू नंतर वाकते. पोलादी आडवी नळी जुन्या बंपरच्या बोल्टांवर बसणाऱ्या पट्ट्यांना वेल्ड करून, गंजरोधक रंग देऊन आधी बसवावी. कवच आणि नळी यांच्यामध्ये १५ ते २० मि.मी. अंतर ठेवून त्यात फोमच्या गाद्या द्याव्यात. कवच बोल्टने जोडताना मोठे वॉशर आणि रबर वापरावे. फायबरग्लास पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो. दीड मीटर लांबीत ३० अंशांच्या तापमानबदलाने हा फरक पाऊण मि.मी.च्या आसपास जातो. म्हणून भोके किंचित लांबट ठेवावीत, अन्यथा बोल्टांभोवती तारेसारख्या चिरा दिसू लागतात.

७. आरोग्य आणि कायदा

स्टायरीनची वाफ डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक असते. काम मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून करावे. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांत जाऊ देऊ नये. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. चष्मा अनिवार्य समजावा. रेझिन घट्ट होण्यास चालना देणारे कोबाल्टचे द्रावण आणि एमईकेपी थेट एकत्र केल्यास स्फोट होऊ शकतो. ही दोन रसायने वेगळ्या जागी ठेवावीत आणि वेगवेगळ्या वेळी रेझिनमध्ये मिसळावीत.

कायद्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून भिन्न होतील, असा फेरबदल करता येत नाही. जुलै २०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. परंतु ती मूळ स्वरूपात जपलेली आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली असावी लागते. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीने ही वयोमर्यादा २०२४ मध्ये गाठली आहे. म्हणजेच आज बंपरसाठी कापलेला बॉडीचा पत्रा उद्या गाडीची ही मान्यता धोक्यात आणू शकतो. काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरते.

निष्कर्ष

फायबरग्लासचा बंपर कमी खर्चात, साध्या साधनांनी आणि एका गाडीपुरता घडवता येतो. त्याचा दर्जा नमुन्याच्या घासणीवर, साच्याच्या दृढतेवर आणि रेझिनच्या अचूक प्रमाणावर अवलंबून असतो. तथापि, पोलादी नळीचा आधार नसलेला असा बंपर चालकाला खोटा दिलासा देतो. शोभा कवचाकडे आणि आघात नळीकडे, अशी स्पष्ट विभागणी त्यामुळे अनिवार्य ठरते. वारशाच्या दृष्टीने पाहता, चार बोल्ट सोडले की नवा भाग निघावा आणि मूळ बंपर पुन्हा बसवता यावा, अशीच रचना असली पाहिजे. मूळचा गंजलेला बंपर भंगारात न देता तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवणे, हाही या कामाचाच एक भाग मानावा. पुढील पिढीला गाडी सोपवताना तिचे मूळ रूप सिद्ध करणारा तोच पुरावा असेल.