वऱ्हाडातील शालापूर्व बालकांचा आहार : प्रमाण, घनता आणि वेळा

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील परंपरागत आहार मुख्यतः ज्वारी आणि तूर या दोन धान्यांवर उभा आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीने ही जोडी उत्तम होय. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, ती तुरीच्या डाळीने भरून निघते; डाळीत मेथिओनिन अल्प असते, ते ज्वारीतून मिळते. भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी असे ताट प्रौढ माणसास बऱ्याच अंशी पुरेसे ठरते. मग त्याच घरातील दोन वर्षांचे मूल कृश का राहते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

अशा कृशतेचे मुख्य कारण प्रथिनांची तूट हेच होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. हैदराबाद येथील डॉ. सी. गोपालन आणि संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या समजास आव्हान दिले. नेहमीचेच अन्न मुलाने पोटभर खाल्ले, तर प्रथिनांची गरज बहुधा भागते; कमी पडतात ते उष्मांक, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. उष्मांक अपुरे पडले म्हणजे शरीर प्रथिनेही इंधनासारखी जाळते, आणि वाढीसाठी ती उरत नाहीत.

परंतु ‘पोटभर’ या शब्दातच अडचण आहे. एक ते तीन वर्षे वयाच्या बालकास दिवसाकाठी सुमारे १००० ते ११०० उष्मांक लागतात. दहा किलो वजनाच्या बालकाच्या जठरात मात्र एका वेळी सुमारे ३०० मिलिलीटर अन्न मावते. ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ अर्धा लिटर पाण्यात शिजवून पातळ पेज केली, तर त्या ३०० मिलिलीटरमध्ये शंभर उष्मांकही भरत नाहीत. पोट भरते, गरज भागत नाही. कापूसवेचणीच्या दिवसांत आई पहाटे घर सोडते आणि मूल थोरल्या भावंडाच्या हाती राहते. अशा वेळी दिवसातून दोनदाच खाणे झाले, तर तूट किती होते हे उघड आहे.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत ही तूट अधिक घातक ठरते. १९९३ साली तेथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले. पावसाळ्यात घरातील धान्य संपत येते आणि त्याच सुमारास अतिसार व हिवताप बळावतात. आजाराने भूक मंदावते. अशक्त झालेले मूल पुन्हा आजारी पडते.

यावरील उपाय घरच्या अन्नातूनच करता येण्याजोगे आहेत. पहिला उपाय वेळांचा : दिवसातून पाच वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. दुसरा घनतेचा : पेज पातळ न ठेवता घट्ट शिजवावी आणि भाकरी वरणात कुस्करून द्यावी. तिसरा स्निग्ध पदार्थांचा : एक लहान चमचा तेलाने सुमारे ४५ उष्मांक वाढतात, शेंगदाण्याचा किंवा तिळाचा बारीक कूटही तेच कार्य करतो. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. चौथा उपाय मोड आणलेल्या गव्हाच्या पिठाचा. मोड वाळवून, हलके भाजून केलेल्या या पिठात अमायलेज हे विकर असते. घट्ट पेज किंचित निवल्यावर त्यात एक चमचा पीठ ढवळले की ती काही मिनिटांत सैल होते. नंतर तिला पुन्हा उकळी द्यावी. पाणी न वाढवता अन्न गिळण्यास सुलभ होते. या कामी ज्वारीचे मोड वापरू नयेत. त्यांच्या कोंबांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक शोषले जाते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या बालकास अंगणवाडीत ५०० उष्मांकांचा आहार देण्याचे प्रमाण पुढे ठरले. दिवसाच्या गरजेचा हा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग होय. तो घरच्या जेवणास पूरक आहे, पर्याय नव्हे. म्हणून बालकाच्या पोषणाचा विचार करताना ताटात काय आहे याबरोबरच ते किती घट्ट आहे, दिवसातून किती वेळा मिळते आणि आई शेतावर असता ते कोण भरवते, याचीही चौकशी आवश्यक ठरते.