खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात सक्रिय कार्बनचा वापर : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागास खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवावयाचे झाल्यास विकतचे सागरी मीठ विरघळवून पाणी तयार करावे लागते. हा खर्च वारंवार येणारा असतो. त्यामुळे पाणी बदलण्याऐवजी गाळणयंत्रात सक्रिय कार्बन टाकून भागवावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. कार्बन टाकल्यावर पाणी खरोखरच नितळ दिसू लागते. परंतु नितळ पाणी हे माशांसाठी सुरक्षित पाणी असते काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय विवेचन :
नारळाची करवंटी, दगडी कोळसा किंवा लिग्नाईट यांचे कार्बनीकरण करून ते सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेच्या सान्निध्यात तापविले असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा एक ग्रॅम कार्बनचे पृष्ठफळ सामान्यतः ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. या पृष्ठभागावर विद्राव्य सेंद्रिय रेणू चिकटून बसतात. ही क्रिया अधिशोषणाची आहे, शोषणाची नव्हे. मिथिलिन ब्लूचे सौम्य द्रावण सक्रिय कार्बनसह हलवून गाळल्यास रंगहीन होते, हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळांना परिचित आहेच.

मत्स्यालयात विष्ठा, उरलेले खाद्य व शैवाल यांच्या विघटनातून पिवळसर द्रव्ये साचतात. समुद्ररसायनशास्त्रात त्यांना ‘गेलबस्टॉफ’ म्हणजे पिवळे द्रव्य हे जर्मन नाव रूढ आहे. कार्बन ही द्रव्ये उत्तम प्रकारे काढतो. अमोनियम, नायट्राइट व नायट्रेट हे आयन मात्र त्याच्या हाती जवळपास लागत नाहीत. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर जिवाणूच करतात, आणि साचलेले नायट्रेट कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग पाणी बदलणे हाच आहे. म्हणजे कार्बन पाण्याचा रंग काढतो, विष तसेच राहते. शिवाय धोक्याची सूचना देणारा पिवळेपणाही नाहीसा होतो. (कार्बनमध्ये झिओलाइट मिसळूनही येथे विशेष लाभ नाही. गोड्या पाण्यात ते अमोनियम धरून ठेवते. समुद्राच्या पाण्यात सोडियमचे आयन त्याची जागा अडवतात.)

कार्बनची निवड करताना केवळ आयोडीन अंक पाहणे पुरेसे नाही. हा अंक अतिसूक्ष्म छिद्रांचा निदर्शक आहे, आणि करवंटीच्या कार्बनमध्ये अशीच छिद्रे अधिक असतात. पिवळ्या द्रव्यांचे रेणू मोठे असल्याने त्यांना काहीशी रुंद छिद्रे लागतात. ती लिग्नाईटपासून केलेल्या कार्बनमध्ये विपुल असतात. तथापि हा कार्बन ठिसूळ असून त्याची भुकटी पाण्यात मिसळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत लिग्नाईट कार्बनच्या सान्निध्यात ठेवलेल्या ओशन सर्जन माशांच्या डोक्यावर व पार्श्वरेषेवर त्वचा झिजल्याचे व्रण उमटले. म्हणून दगडी कोळशाचा कठीण दाणेदार कार्बन घ्यावा, तो स्वच्छ पाण्याने काळेपणा जाईपर्यंत धुवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काही कार्बनमधून फॉस्फेट बाहेर पडते. थोडा कार्बन शुद्ध पाण्यात रात्रभर भिजवून त्या पाण्याची चाचणी केल्यास हे समजते.

माशांवर औषधोपचार चालू असताना कार्बन काढून ठेवणे आवश्यक आहे, कारण मॅलॅकाइट ग्रीनसारखी रंगद्रव्ये तो औषधाचा परिणाम होण्यापूर्वीच काढून घेतो.

प्रवाळ असलेल्या जुन्या टाकीत विशेष दक्षता हवी. पिवळे पाणी निळा व अतिनील प्रकाश अडवून धरते. भरपूर कार्बन एकदम टाकल्यास हा पडदा एक-दोन दिवसांत नाहीसा होतो व वाढलेल्या प्रकाशाने प्रवाळ पांढरे पडू शकतात. अशा टाकीत प्रारंभी अल्प प्रमाणात कार्बन वापरावा, दिव्यांचा कालावधी कमी करावा आणि दोन्ही काही आठवड्यांत हळूहळू वाढवावेत. कार्बन संपृक्त झाला की नाही हे ओळखण्यासाठी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचा अर्धा भाग फिकट पिवळा रंगवून ती टाकीच्या दूरच्या टोकाला बुडवावी. काचेतून लांबीच्या दिशेने पाहिल्यास दोन्ही भाग सारखेच दिसू लागले, की कार्बन बदलावा. नायट्रेटची चाचणी मात्र पट्टी काहीही सांगत असली तरी दर आठवड्यास करावी.