भिंतीचे टवके उडतात ते कशाने?

पहिला पाऊस झाला आणि आमच्या गोठ्याच्या नव्या भिंतीवरून रुपयाएवढे टवके उडू लागले. गवंड्याला बोल लावून आम्ही मोकळे झालो. पण नीट पाहिलं तर प्रत्येक टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका! खोट गवंड्याची नव्हती, मातीची होती.

वीट म्हणजे राजगिऱ्याचा लाडू समजा. मातीतले वाळूचे कण भट्टीत वितळत नाहीत. त्यांच्यामधली बारीक माती मात्र ९०० ते १००० अंशांच्या आसपास, तिच्यातल्या लोह-पोटॅशसारख्या भेसळीमुळे, थोडी वितळते आणि निवताना काचेसारखी होऊन कण धरून ठेवते. हाच लाडवाचा पाक. विटेचा दम दाण्यात नाही, दाण्यांच्या सांध्यात आहे. आच कमी पडली तर सांधे उघडे राहून पाणी शिरतं. जास्त झाली तर पाक वाहून वीट वाकडी, खंगर निघते.

म्हणजे भेसळ सगळीच वाईट नव्हे. चुनासुद्धा पिठासारखा बारीक असला तर पाकाला मदतच करतो. घात करतो तो हरभऱ्याएवढा खडा. काळ्या रानातली चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होते. पुढं ओल लागली की तो विरतो, फुगून जवळपास दुप्पट होतो आणि सांधे फोडून बाहेर येतो. म्हणून माती उचलण्याआधी पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर चुनखडीच. माती चाळून घ्या, नाहीतर खडे बारीक दळून मिसळा.

क्षारपड रानातल्या मातीची गोष्ट वेगळी. तिथं विटेत मुरलेलं पाणी सुकताना क्षार बाहेर आणतं, भिंतीला लोणा फुटतो, पोपडे निघतात. ती माती भट्टीला नकोच.

घरकुलाच्या, शाळेच्या विटा उतरवून घेणाऱ्यांनी एवढं करावं. विटांचं भारतीय मानक १०७७ (१९९२) सांगतं, की कोरडी करून २४ तास थंड पाण्यात ठेवलेल्या साध्या विटेनं वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे ३ किलोच्या विटेला ६०० ग्रॅम. काटा काय, रेशन दुकानातही असतो. त्याच विटा मग चार-आठ दिवस ओलसर पोत्याखाली ठेवा. खडे असले तर बरेचसे टवके तिथंच उडतील, भिंत उभी राहण्याआधी.