डोके दुखते, पण मूळ मानेत

वसमतला शिलाईकाम करणाऱ्या आमच्या एका आपांचे उजवे कपाळ दोन वर्षे ठणकत होते. कुणी पित्त म्हणाले, कुणी नजर. दम करून झाला, चष्मा बदलून झाला. रोजची गोळी मात्र सुटेना. शेवटी हिंगोलीच्या एका डॉक्टरांनी विचारले, "दुखणे सुरू कुठून होते?" आपांनी हात मानेवर ठेवला.

मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-चेहऱ्याची नस यांचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे बिघाड मानेत असला तरी दुखते कपाळ, डोळ्यामागे. नॉर्वेचे डॉक्टर ओट्टार श्योस्ताद यांनी 1983 मध्ये या डोकेदुखीला वेगळे नाव दिले. बहुधा एकाच बाजूला दुखते, मान वळवली की वाढते, मान पूर्ण वळतही नाही. शिलाई मशीन, कापूस वेचणी, मोबाइल, आणि आम्हा शिक्षकांचे पेपरांचे गठ्ठे, सगळीकडे मान खाली!

ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. औषध नव्हे, हाताने सांधे मोकळे करणे आणि व्यायाम. आपांना शिकवलेला व्यायाम अगदी साधा वाटतो. उताणे झोपून, डोके न उचलता, 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी हळूच खाली घ्यायची, दहा आकडे मोजेपर्यंत धरायची. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्यांदा तो फिजिओथेरपिस्टसमोरच करावा, कारण जोर लावला की चुकतो.

महिन्यात पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, हे आम्हालाही तेव्हाच कळले. आणि कटिंगनंतर न्हाव्याकडून मान कडकड मोडून घेणाऱ्या घरच्या पुरुषांना आवर्जून सांगा: त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याची उदाहरणे आहेत.

अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, हातापायातली ताकद जाणे, जीभ अडखळणे, पडल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यात व्यायाम करत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आपांनी मशीनखाली दोन-दोन विटा घातल्या, अर्ध्या तासाने उठायची सवय लावली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही फरक नव्हता आणि त्या चिडल्याही. आता गोळी क्वचित लागते. ईदच्या शिलाईत व्यायाम चुकतो, तेव्हा उजवे कपाळ आठवण करून देते.